मुलीच्या दप्तरातली चिठ्ठी

पत्र असं आलंय (थोडं कमी करून देतेय):

"ताई, आमच्या लग्नाला १२ वर्षं झाली, ८ महिन्यांपासून वेगळे राहतो, घटस्फोटाची केस चालू आहे. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. आठवडाभर आईकडे असतात, शनिवार-रविवार माझ्याकडे. आता कोर्टाने दोघांनाही ऑनलाइन को-पेरेंटिंगचा (वेगळं झाल्यावरही मुलांना मिळून वाढवायचा) क्लास करायला सांगितलाय, ४ तासांचा, शेवटी सर्टिफिकेट. मला खरंच राग आलाय. मी मुलांवर कधी हात उचलला नाही, त्यांचा कुठला खर्च कधी चुकवला नाही, मग बाप कसं व्हायचं हे मला व्हिडिओ बघून शिकायचंय का? शिकायचं तर तिने शिकावं, ती मुलांचे कान भरते. आणि ती काय करणार, व्हिडिओ लावून ठेवेल, बाजूला दुसरं काम करेल आणि सर्टिफिकेट घेईल. एका हाताने टाळी वाजत नाही ना, मग मी एकट्याने मनापासून करून काय फायदा? मी तर भांडण टाळतोच. तिच्याशी बोलणंच बंद केलंय, काही सांगायचं असेल तर चिठ्ठी लिहून मुलीच्या दप्तरात ठेवतो. मुलगी खूप समजूतदार आहे, सगळं बरोबर पोचवते. तर हा क्लास उरकून टाकू की खरंच काही उपयोग असतो त्याचा?"

दादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. प्रश्न क्लासचा आहे हे कळतंय मला आणि त्यावर येतेच, पण तिन्ही वेळा मी त्या चिठ्ठीपाशी अडकले. तुम्ही ते किती सहज लिहून गेलात, आणि तुमच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे, बोललं की वाजतं, त्यापेक्षा चार ओळी लिहून दिलेल्या बऱ्या. पण जरा त्या पोरीच्या बाजूने बघा ना. रविवारी संध्याकाळी तुम्ही लिहायला बसता, ती शेजारी असते. तुमच्या कपाळाला आठ्या आहेत की नाहीत हे ९ वर्षांच्या मुलीला चिठ्ठी न वाचता कळतं. मग ती चिठ्ठी तिच्याच पाठीवरून दुसऱ्या घरी जाते, ती आईच्या हातात देते आणि आई वाचत असताना आईचा चेहरा बघत उभी राहते. आई चिडली तर हिला वाटतं मी आणलं म्हणून चिडली. आईने उलट निरोप दिला तर तो पुढच्या शनिवारपर्यंत सांभाळायचा, आणि बाबा ऐकून वैतागणार हे माहीत असताना तो जसाच्या तसा सांगायचा की थोडा गाळून सांगायचा हे तिचं तिने ठरवायचं. मोठ्या माणसांना जे जमेना म्हणून त्यांनी कोर्ट गाठलं ते काम तिच्याकडे आलंय. तुम्ही म्हणता समजूतदार आहे, आणि मला नेमकी त्याचीच काळजी वाटतेय. जी मुलं आदळआपट करतात त्यांचं काय चाललंय ते कळतं तरी, ही गप्प राहून दोन्ही घरं सांभाळतेय.

तुम्हाला दोष द्यायला नाही लिहीत हे. वेगळे झालेले बरेच आईबाप हेच करतात, आणि भांडण नको म्हणूनच करतात. पण ह्यावर नीट अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एलेनर मॅकोबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईबाप वेगळे झालेल्या ५२२ मुलामुलींशी बोलून १९९१ साली एक अभ्यास छापला, साडेदहा ते अठरा वयाची मुलं होती. त्यांना विचारलं होतं की तुम्हाला आईबाबांच्या मधे अडकल्यासारखं वाटतं का, ते एकमेकांना निरोप तुमच्याकडून पाठवतात का, दुसऱ्या घरात काय चाललंय ह्याबद्दल तुम्हाला नको वाटणारे प्रश्न विचारतात का. ज्यांना मधे अडकल्यासारखं वाटत होतं ती मुलं जास्त खचलेली होती, जास्त धास्तावलेली होती. आणि आईबापांत वैर जितकं जास्त, एकमेकांशी सहकार्य जितकं कमी, तितकं हे अडकल्यासारखं वाटणं जास्त. आईबाप एकमेकांशी नीट बोलून ठरवत होते तिथे ते कमी. म्हणजे बोलणं बंद केलं म्हणून मुलगी मधून सुटली असं होत नाही, उलट दोघांच्या मधली जी जागा रिकामी झाली तिथे तिलाच उभं राहावं लागलं.

आता क्लासकडे येते, कारण त्या ४ तासांत मुख्य विषय हाच असतो.

तुमचा राग मला समजतो. 'बाप कसं व्हायचं हे शिकवणार का' असं वाटणं साहजिक आहे, नावच तसं आहे. पण तुम्ही चांगले बाप आहात की नाही हा प्रश्न तिथे कोणी विचारतच नाही. एका घरात आईबाप असणं आणि दोन घरांत मिळून आईबाप असणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम आपल्याला कोणीच कधी शिकवलेलं नसतं, कारण लग्न करताना कोणी त्याची तयारी करत नाही. त्यामुळे कोर्टाने क्लास सांगितला म्हणजे तुमच्यावर ठपका ठेवला असं अजिबात धरू नका. कितीतरी ठिकाणी तो सरसकट सगळ्यांना आहे. अमेरिकेत फ्लोरिडात अल्पवयीन मुलं असलेल्या जोडप्याला घटस्फोट हवा असेल तर दोघांनाही किमान ४ तासांचा कोर्स करावाच लागतो, कायद्यातच आहे, ज्याने अर्ज केला त्याने अर्जापासून ४५ दिवसांत आणि दुसऱ्याने नोटीस मिळाल्यापासून ४५ दिवसांत. टेक्ससमधे न्यायाधीश सांगू शकतात, कमीत कमी ४ आणि जास्तीत जास्त १२ तास. डेन्मार्कने २०१९ मधे अल्पवयीन मुलं असलेल्या आईबापांसाठी घटस्फोटाआधी साधारण अर्ध्या तासाचा डिजिटल कोर्स सक्तीचा केला, तो कोपनहेगन विद्यापीठातल्या लोकांनी तयार केलेला. इंग्लंडमधे मुलांबद्दलचा वाद कोर्टात गेला की कोर्ट आईबापांना असाच कोर्स करायला सांगू शकतं, त्यात थोडं ऑनलाइन शिकायचं आणि मग इतर आईबापांबरोबर एका ग्रुपमधे बसायचं, आणि नवराबायकोला एकाच ग्रुपमधे टाकत नाहीत. ही सगळी माणसं वाईट आईबाप आहेत म्हणून नाही बसवलेली. घर मोडताना माणूस आपल्याच दुःखात इतका बुडालेला असतो की मुलाचं काय चाललंय हे दिसायला कोणीतरी खांद्याला धरून मान वळवावी लागते, आणि ते मी स्वतःवरून सांगतेय.

मी पण केलाय हा क्लास. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. मी तुमच्याइतकीच चिडलेली होते, पहिला तास तर हाताची घडी घालून बघितला. मग एक प्रसंग आला, अगदी साधा, आई गाडीतून मुलाला सोडायला येते, मुलगा उतरायच्या आधी क्षणभर आईच्या तोंडाकडे बघतो आणि मग दाराकडे जाताना हळू चालतो, पळत जात नाही. नंतर तो मुलगा सांगतो की मला बाबाला बघून आनंद झाला हे आईला दिसू नये म्हणून मी हळू चालतो. मी व्हिडिओ थांबवला. माझा मुलगा असाच चालायचा. मी त्याचा अर्थ लावून बसले होते की ह्याला तिकडे जायचंच नसतं, आणि ते मी वकिलालाही सांगितलं होतं. त्यानंतर उरलेला क्लास मी वेगळ्या मनाने बघितला. माझ्या वाट्याला आलेला तो प्रसंग तुमच्या कोर्समधे असेलच असं नाही, पण तुमच्यासाठीचा एखादा असेल, आणि व्हिडिओ बाजूला लावून दुसरं काम करत बसलात तर तो तुमच्या समोरून निघून जाईल. म्हणून उरकू नका असं म्हणतेय.

आत काय असतं म्हणाल तर छोटे छोटे प्रसंग, दोन्ही प्रकारे करून दाखवलेले, एकदा भांडण वाढवणारे आणि एकदा न वाढवणारे. मधे प्रश्न येतात, उत्तर दिल्याशिवाय बऱ्याच कोर्समधे पुढे जाता येत नाही आणि पटापट पुढे ढकलताही येत नाही. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, तुम्हाला आणि तिला एकत्र बसायचं नसतं, तुम्ही काय उत्तरं दिली हे तिला दिसत नाही. वयानुसार मुलांना काय वाटतं हा भाग असतो, तो तुम्ही दोनदा बघा कारण तुमच्याकडे दोन अगदी वेगळी वयं आहेत. ४ वर्षांच्या मुलाला वाटतं की जगात जे होतं ते आपल्यामुळे होतं, त्यामुळे मी हट्ट केला म्हणून बाबा गेले असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असू शकतं आणि तो ते बोलून दाखवणार नाही, एकदम अंथरूण ओलं करायला लागेल नाहीतर झोपताना हात सोडणार नाही. त्याला एकदा समजावून भागत नाही. 'तुझ्यामुळे नाही झालं, आणि बाबा शनिवारी येणार' हे त्याच शब्दांत पन्नास वेळा सांगावं लागतं. मुलीचं तसं नाही. ह्या वयात मुलं न्याय-अन्याय तोलायला लागतात, कोणाची बाजू घ्यायची हा प्रश्न त्यांना छळतो, आणि एकाजवळ असताना दुसऱ्याची आठवण काढणं सुद्धा त्यांना फितुरीसारखं वाटतं.

आता टाळीचं. एका हाताने टाळी वाजत नाही हे तुम्ही लिहिलंत ते खरं आहे दादा, पण भांडणाची टाळी पण एका हाताने वाजत नाही ना. तुम्ही तुमचा हात काढून घेतलात तर तिचा हात हवेत किती वेळ फिरणार? काही दिवस फिरेल, कदाचित काही महिने फिरेल, हे मी गोड करून सांगणार नाही. पण मुलांना दोन भांडणारी घरं असण्यापेक्षा एक तरी शांत घर असणं ह्यात फार फरक आहे, आणि ते एक घर तुमच्या हातात आहे, त्याला तिची सही लागत नाही.

हात काढून घ्यायचा म्हणजे बोलणं बंद करायचं असं नाही, तसं तुम्ही करून बघितलंत. बोलायचं, पण दोन माणसं मिळून एखादं काम चालवतात आणि एकमेकांशी कामापुरतं बोलतात तसं. अमेरिकेतले बिल एडी म्हणून एक वकील आहेत, ते समुपदेशकही आहेत, चिडक्या मेसेजला उत्तर कसं द्यायचं ह्याची त्यांची पद्धत खूप ठिकाणी शिकवतात: थोडक्यात लिहायचं, फक्त माहिती लिहायची, सूर सौम्य ठेवायचा आणि विषय तिथेच संपवायचा. समजा तिचा मेसेज आला की 'नेहमीसारखं उशिरा सोडलंस, मुलांची तुला पडलेलीच नाही, मुलगा रात्री अकरापर्यंत जागा होता.' तुमच्या बोटांना काय टाइप करायचंय ते मला माहीत आहे, तुझ्यामुळेच उशीर झाला, तू गेल्या महिन्यात काय केलंस, वगैरे. त्याऐवजी हे: 'रविवारी ४० मिनिटं उशीर झाला हे बरोबर. पुढच्या रविवारी ६ वाजता सोडतो. काही कारणाने उशीर होणार असेल तर ५ च्या आत मेसेज करतो. धन्यवाद.' संपलं. मुलांची पडलेली नाही ह्या वाक्याला उत्तरच नाही. ते वाक्य तुम्हाला टोचेल, टोचू दे, पण त्याला उत्तर दिलं की पुढचे वीस मेसेज त्यावरच जातात आणि ६ वाजता सोडायचं हे राहूनच जातं. हे लिहिताना सुरुवातीला फार जड जातं, मी मसुदा लिहून एक तास ठेवायची आणि मग पाठवायची.

आणि हे सगळं लेखी आणि एकाच ठिकाणी ठेवा. साधा ईमेल चालेल. खास ह्यासाठीच केलेली अॅप पण आहेत, अवर फॅमिली विझार्ड हे त्यातलं जुनं, त्यात दोघांचं कॅलेंडर, खर्चाच्या नोंदी आणि मेसेज एकत्र असतात आणि पाठवलेलं नंतर बदलता येत नाही, त्यामुळे माणूस आपोआप जपून लिहितो. कुठलंही वापरा, फक्त ते मुलीचं दप्तर नसावं.

कान भरते म्हणता त्याबद्दल. हे मी हलकं घेणार नाही कारण ते खरंच होत असेल तर फार दुखतं, मूल आपल्याच तोंडावर दुसऱ्याचं वाक्य फेकतं तेव्हा काय वाटतं हे ज्याने ऐकलंय त्यालाच कळतं. समजा मुलगी म्हणाली, 'आई म्हणते तू आम्हाला सोडून गेलास.' तुमच्यापुढे दोन सरळ रस्ते दिसतात, एक म्हणजे आई खोटं बोलते असं सांगायचं, दुसरा म्हणजे गप्प बसायचं. पहिल्याने मुलीला ठरवावं लागतं की दोघांतलं खोटं कोण. दुसऱ्याने तिला वाटतं की खरंच असणार, बाबा बोलले नाहीत. मधला एक रस्ता आहे आणि मला वाटतं अख्ख्या क्लासमधली हीच सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे: आधी तिला काय वाटलं ते विचारायचं, मग स्वतःपुरतं खरं सांगायचं, आईबद्दल एक शब्द नाही. 'हे ऐकून तुला कसं वाटलं? … मी आणि आई आता एका घरात राहत नाही, ते आम्ही मोठ्यांनी ठरवलंय. तुला मी सोडलेलं नाही आणि सोडणार नाही. आणि आईवर प्रेम करायला तुला माझी परवानगी लागत नाही.' शेवटचं वाक्य म्हणताना घसा दाटून येईल तुमचा, तरी म्हणा. ते ऐकल्यावर मुलं जी मोकळी होतात ना, माझा मुलगा तर त्या दिवशी पहिल्यांदा बाबाच्या घरी केलेल्या गमती मला सांगायला लागला, तोपर्यंत मला वाटायचं तिथे काही गंमत होतच नाही.

आणि एक प्रामाणिकपणे स्वतःला विचारा, तुमच्याकडे आल्यावर तुम्ही 'घरी कोण कोण आलं होतं, आई कोणाशी फोनवर बोलते' असं काही विचारता का. पत्रात तसं लिहिलेलं नाही, म्हणून आरोप करत नाहीये. पण विचारत असाल तर तेही दप्तरातल्या चिठ्ठीसारखंच आहे.

उपयोग होतो का खरंच, हे तुम्ही विचारलंय, तर ४ तासांच्या व्हिडिओने घर बदलेल असं मी म्हणणार नाही. जे मोठे कार्यक्रम आहेत त्यांचा परिणाम जास्त पक्का दिसलेला आहे. अॅरिझोना स्टेट विद्यापीठात घटस्फोटित पालकांसाठी 'न्यू बिगिनिंग्ज' नावाचा कार्यक्रम तयार झाला, त्यात कित्येक आठवडे शिकायचं, मुलाचं ऐकून कसं घ्यायचं, शिस्त कशी लावायची, भांडणापासून त्याला लांब कसं ठेवायचं, आणि प्रत्येक वेळी घरी करून बघायचं. त्यांनी त्या मुलांचा १५ वर्षं माग ठेवला आणि फायदा तेव्हाही दिसत होता. तोच कार्यक्रम नंतर ऑनलाइन करून त्याचीही नीट चाचणी घेतली आणि तिथेही आईबापांतलं भांडण आणि मुलांचा त्रास कमी झालेला दिसला, म्हणजे ऑनलाइन आहे म्हणून बिनकामाचं असं काही नाही. तिथे फरक पडला तो घरी करून बघितल्यामुळे, हे मला पटतं. तुमच्या ४ तासांनंतर असा मोठा कोर्स मिळत असेल तर जरूर बघा.

थोडक्या तासांना कमी पण लेखू नका. व्हर्जिनिया विद्यापीठाचे रॉबर्ट एमरी ह्यांनी मुलांच्या ताब्यासाठी कोर्टात निघालेल्या आईबापांना नाणं उडवून ठरवावं तसं दोन गटांत विभागलं, अर्ध्यांना मध्यस्थाकडे पाठवलं, बाकीचे कोर्टात भांडत राहिले. मध्यस्थीत सरासरी ५-६ तासच गेले होते. १२ वर्षांनी बघितलं तेव्हा मध्यस्थीवाल्यांपैकी ज्या आई किंवा वडिलांकडे मुलं राहत नव्हती त्यांच्यातले २८ टक्के मुलांना दर आठवड्याला भेटत होते, कोर्टात भांडलेल्यांतले फक्त ९ टक्के. हे क्लासबद्दलचं नाही, मध्यस्थीबद्दलचं आहे, पण शनिवार-रविवारच्या बापाने हे आकडे नीट बघावेत असं मला मनापासून वाटतं. घटस्फोटाच्या काळात आपण बोलायची जी सवय लावतो ती बारा वर्षांनी मुलगी एकवीस वर्षांची होईल तेव्हा ती फोन करते की नाही ह्यात उतरते. आणि धीर पण धरा, अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन ह्यांनी घटस्फोट झालेल्या घरांतल्या मुलांचा अनेक वर्षं अभ्यास केला, त्यात साधारण २५ टक्के मुलांना पुढे गंभीर अडचणी आल्या, आईबाप एकत्र असलेल्या घरांत ते प्रमाण १० टक्के होतं. वाढ मोठीच आहे, पण दुसऱ्या बाजूने वाचलं तर चारातली तीन मुलं नीट मोठी झाली.

कोर्स घेताना एवढंच बघा की तो तुमच्या कोर्टाला चालणारा आहे, बऱ्याच ठिकाणी मान्य कोर्सची यादी असते, वाटेल त्या साइटचं सर्टिफिकेट घेऊन गेलात आणि परत करावा लागला तर वेळ वाया. सर्टिफिकेटवर नाव केसमधल्यासारखंच हवं. फी परवडत नसेल तर काही ठिकाणी सवलत मिळते, वकिलाला विचारा. एका बैठकीत करू नका, दोन-तीन दिवस घ्या, आणि मुलं झोपलेली असताना किंवा घरी नसताना करा, त्यांच्या कानावर ते प्रसंग पडायला नकोत.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक, दादा तुमच्यासाठी नाही. ज्या घरात मारहाण आहे, धमक्या आहेत, भीती आहे, तिथे 'मिळून मिसळून पालकत्व' हा सल्ला लागू होत नाही. तिथे आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता. वकिलाला आणि कोर्टाला हे स्पष्ट सांगा, अशा केसमधे क्लासमधून सूट किंवा वेगळी व्यवस्था मागता येते, आणि 'मुलांसाठी जुळवून घ्या' असं कोणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

ती क्लास मनापासून करेल की नाही हे तुम्हाला कळणार नाही, आणि विचारू पण नका. विचारलंत तर तो अजून एक भांडणाचा विषय होईल. तुमचा करून घ्या.

पण क्लास सुरू व्हायची वाट न बघता आज एक काम करा. मुलांच्या आईला एक मेसेज लिहा, एवढाच: 'ह्यापुढे मुलांच्या वेळा, शाळा, तब्येत ह्याबद्दल जे काही असेल ते मी तुला थेट ईमेलवर कळवेन. मुलीकडून निरोप पाठवणार नाही. तूही थेट मलाच कळवलंस तर बरं होईल.' आधी काय काय झालं ते त्यात आणू नका. तिने उत्तर नाही दिलं तरी तुमच्या बाजूने चालू करा.

आणि शनिवारी मुलगी आली की तिला जवळ बसवून सांगा की चिठ्ठ्या न्यायचं काम मी तुला द्यायला नको होतं, ते मोठ्यांचं काम आहे, आता ते मी करणार. आईचा काही निरोप असेल तर ती मलाच सांगेल, तुला लक्षात ठेवायचं नाही. ती कदाचित म्हणेल, चालेल की बाबा, मला जमतं. तेव्हा तिचं कौतुक करून विषय सोडून देऊ नका, तिला सांगा की जमतं हे मला माहीत आहे, तरी नको. मग रविवारी निघताना दप्तर तिच्या समोर भरा, म्हणजे तिला दिसेल की आत फक्त तिचीच पुस्तकं आहेत.

- ताई